मँगनीजच्या दारातून शिरलेला पाहुणा

समजा, तुमच्यासमोर पालकाचे दोन वाफे आहेत. दोन्ही हिरवेगार. एकाला विहिरीचं पाणी मिळतंय आणि दुसऱ्याला नाल्याचं. नालाही असा, की वरच्या अंगाला त्यात कारखान्यांचं सांडपाणी मिसळतं. आता ओळखा पाहू, कुठला वाफा कोणता? पान उलटसुलट करून बघा. वास घ्या. शेतकरीदादांना विचारा, भाजीवाल्या मावशींना विचारा, वाटलंच तर बांधावरच्या शेळीपुढे पानं धरून बघा. कुणालाच सांगता येणार नाही. उलट नाल्यावरचा पालक जरा जास्तच तरारलेला दिसेल, कारण सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असतं आणि झाडांना तेच तर हवं असतं.

मग फरक कुठे आहे? तो पानाच्या आत आहे, आणि इतका बारीक आहे की मोजायला प्रयोगशाळेतलं यंत्रच लागतं. आज आपण त्या फरकाच्या मागावर निघायचं आहे. वाटेत एक जपानी डॉक्टर भेटतील, एक पोखरलेला डोंगर भेटेल, भाताचं मूळ आपण आतून बघू, आणि निळसर हिरव्या चिकाचं एक झाडसुद्धा भेटेल. चला तर!

आधी, ज्याच्या मागावर आहोत त्याची ओळख करून घेऊ. १८१७ साली जर्मनीत फ्रीडरिश श्ट्रोमायर नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. औषधांच्या दुकानांची तपासणी करणं हेही त्यांच्याकडे होतं. एक पांढरी औषधी भुकटी होती, जस्ताचं कार्बोनेट. ती तापवली की पिवळी पडायची. पिवळेपणा म्हटला की पहिला संशय लोखंडावर जातो. पण तपासून पाहिलं तर भुकटीत लोखंड नव्हतंच! दुसरा कुणी असता तर भुकटी खराब आहे म्हणून फेकून मोकळा झाला असता. श्ट्रोमायर मात्र त्या पिवळेपणाच्या मागे लागले आणि त्यांनी त्यातून एक नवाच धातू बाहेर काढला. तोच हा कॅडमियम. चंदेरी, निळसर झाक असलेला, चाकूने कापता येईल इतका मऊ.

कॅडमियम सापडला तोच मुळी जस्ताच्या भुकटीत, हे लक्षात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे. जमिनीखालीही तो बहुतेक वेळा जस्ताच्या खनिजातच दडलेला असतो. शाळेतल्या आवर्त सारणीच्या तक्त्यात जस्त शोधा, अणुक्रमांक ३०. त्याच्या बरोबर खालच्या घरात ४८ क्रमांकाचा कॅडमियम बसलेला दिसेल. जस्त आपल्या शरीराला थोडंसं लागतंच. जखम भरायला लागतं, वाढीला लागतं. कॅडमियमचं आपल्या शरीरात काडीचंही काम नाही. कारखान्यांत मात्र त्याला पुष्कळ कामं आहेत. त्याच्यापासून झळझळीत पिवळे रंग करतात, त्याचा धातूंवर मुलामा देतात, आणि जुन्या प्रकारच्या पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांमध्येही तो असतो.

आता जपानला जाऊ.

जपानच्या मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर तोयामा नावाचा प्रांत आहे. तिथे जिंझू नावाची नदी डोंगरातून खाली उतरते, सपाटीवरून वाहते आणि समुद्राला मिळते. सपाटीवर दोन्ही बाजूंना भातखाचरं. नदीचं पाणी पाटांनी खाचरात घ्यायचं, चिखलणी करायची, लावणी करायची. आपल्या कोकणातल्या किंवा मावळातल्या मुलांना हे काही समजावून सांगायला नको.

पण नदीच्या वरच्या अंगाला, शेजारच्या गिफू प्रांतात, कामिओका नावाची खाण होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथून चांदी काढत. पुढे शिसं आणि जस्त निघू लागलं. विसाव्या शतकात युद्धं आली, कारखाने वाढले, जस्ताची मागणी वाढली. खाणीतलं काम असं चालायचं: दगड फोडायचा, दळून त्याचं अगदी पीठ करायचं, ते पाण्यात घुसळून हवे ते धातूचे कण वेगळे काढायचे, आणि उरलेला गढूळ रेंदा नदीत सोडून द्यायचा. जस्ताच्या खनिजात कोण दडलेलं असतं ते तुम्हाला आता माहीतच आहे. जस्त पोत्यांत भरलं गेलं आणि कॅडमियम नदीला मिळालं.

नदीने ते खाली आणलं. पाटांनी ते खाचरांत नेलं. पाणी वाफ होऊन उडून गेलं, कॅडमियम कसं उडणार? ते मातीत बसलं. दुसऱ्या वर्षी आणखी थोडं, तिसऱ्या वर्षी आणखी थोडं. अशी कितीतरी वर्षं गेली. भात पिकतच होता. तांदूळ पांढराशुभ्रच दिसत होता.

युद्ध संपल्यावर, १९४६ साली, नोबोरू हागिनो नावाचे तरुण डॉक्टर सैन्यातून गावी परतले आणि त्यांनी घरचा दवाखाना चालवायला घेतला. दवाखान्यात येणाऱ्यांत काही बायका अशा होत्या की त्यांना पाऊल टाकणं मुश्कील झालेलं. बहुतेकींनी चाळिशी ओलांडलेली, बहुतेकींना बरीच मुलंबाळं झालेली, आणि सगळ्या शेतात राबणाऱ्या. कंबर दुखे, पाय दुखत, पुढे पुढे अंथरुणातून उठणंही होईना. हाडं इतकी मऊ आणि ठिसूळ झालेली की जोरात खोकला आला तरी बरगडी मोडे. काहींची उंचीसुद्धा कमी झाली. त्या कळवळून म्हणायच्या, "इताई, इताई", म्हणजे "दुखतंय, दुखतंय". रोगाला दुसरं नावच नव्हतं, म्हणून लोक त्याला इताई-इताईच म्हणू लागले. जगातल्या वैद्यकाच्या पुस्तकांत आजही ते नाव तसंच आहे.

कुणी म्हणे, फार काम केल्याने होतं. कुणी म्हणे, खाण्यात सत्त्व नाही. कुणी म्हणे, जंतू असेल. हागिनो यांनी मग एक साधीच गोष्ट केली. त्यांनी गावांचा नकाशा घेतला आणि रोग्यांच्या घरांवर ठिपके दिले. ठिपके देता देता एक चमत्कारिक चित्र उभं राहिलं. या भागात जिंझूच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन नद्या आहेत, कुमानो आणि इदा. ज्या शेतांना जिंझूचं पाणी मिळत होतं तिथे ठिपक्यांची दाटी. आणि ज्या शेतांना त्या दुसऱ्या नद्यांचं पाणी मिळत होतं तिकडचा कागद कोरा! हवा तीच, काम तेच, जेवणही तसंच. वेगळं होतं ते फक्त पाणी.

मला या गोष्टीतला हा नकाशा फार आवडतो. महागडं यंत्र नाही, मोठी प्रयोगशाळा नाही. एक कागद, एक पेन, आणि दारोदार जाऊन विचारण्याची तयारी.

१९५७ साली हागिनो यांनी जाहीरपणे सांगितलं की रोगाचं मूळ खाणीच्या पाण्यात आहे. फार थोड्यांनी विश्वास ठेवला, आणि टीका करणारे पुष्कळ निघाले. पण त्यांना दोन सोबती मिळाले: शेतीचे अभ्यासक किनइची योशिओका आणि ओकायामा विद्यापीठातले जून कोबायाशी. कोबायाशींनी नमुने तपासले. नदीच्या पाण्यात कॅडमियम, तांदळात कॅडमियम, रोग्यांच्या शरीरातही कॅडमियम! १९६१ साली हे जगापुढे मांडलं गेलं, आणि १९६८ साली जपान सरकारने अधिकृतपणे मान्य केलं की हो, हा आजार खाणीतून आलेल्या कॅडमियममुळेच झाला. नकाशावरच्या ठिपक्यांना इतकी वर्षं वाट बघावी लागली.

पण थांबा. इथे एक प्रश्न तुमच्या डोक्यात आलाच असेल. भाताला कॅडमियम नको असतं, मग तो ते घेतोच कशाला?

याचं उत्तर शोधायला चिखलात हात घालावा लागेल. पावसाळ्यात भाताच्या शेतावर गेलात तर शेतकऱ्याला विचारून एक रोप मुळासकट उपटा आणि पाण्यात हलक्या हाताने खळबळून घ्या. मुळं पांढरीशुभ्र असतील असं वाटतं ना? नीट बघा, बऱ्याच मुळांवर तांबूस थर दिसेल. तो गंज आहे, खराखुरा लोखंडाचा गंज! चिखलात हवा नसते, म्हणून भाताचं रोप पानांतून हवा घेऊन आतल्या पोकळ वाटांनी मुळांपर्यंत पोचवतं. त्यातला थोडा ऑक्सिजन मुळांतून बाहेर झिरपतो आणि चिखलात विरघळलेलं लोह जागच्या जागी गंजतं. पाण्याखाली उभं राहून स्वतःच्या मुळांना हवा पुरवणारं झाड म्हणजे केवढी करामत!

आता तो हाताला लागलेला चिखल हुंगून बघा. कुजक्या अंड्यासारखा वास येतो का? तो गंधकाचा एक वायू. पाण्याखालच्या चिखलात हवा नसली की काही सूक्ष्मजीव गंधकाची अशी रूपं तयार करतात. याच गंधकाची कॅडमियमशी गाठ पडली की दोघांचं मिळून कॅडमियम सल्फाइड होतं. ते पाण्यात विरघळत नाही, आणि जे विरघळत नाही ते मुळाला पिता येत नाही. म्हणजे खाचरात पाणी भरलेलं आहे तोवर बरंचसं कॅडमियम चिखलात कुलूपबंद!

पण भात निसवला, लोंब्या धरल्या, की पुढे कापणीसाठी शेतकरी खाचरातलं पाणी काढून टाकतात. माती सुकते, भेगा पडतात, आत हवा शिरते. हवा लागली की कुलूप उघडतं आणि कॅडमियम पुन्हा मोकळं होतं, आणि तेही नेमकं दाणा भरत असताना.

मोकळं झालेलं कॅडमियम मुळाच्या तोंडाशी येतं. मूळ काही ढिलं नसतं हं. त्याच्या आतल्या बाजूला पेशींभोवती मेणचट पट्टी असते, कॅस्पेरियन पट्टी म्हणतात तिला. त्या पट्टीमुळे पाण्याबरोबर काहीही सरळ आत घुसू शकत नाही. प्रत्येकाला पेशीच्या दारातूनच जावं लागतं. ही दारं प्रथिनांची बनलेली असतात आणि ठरावीक खनिजांसाठीच असतात. भाताच्या मुळात मँगनीजसाठी एक दार आहे, शास्त्रज्ञ त्याला एनरॅम्प-५ म्हणतात. मँगनीज हे झाडाला हवंच असतं, त्याच्याशिवाय पानांना सूर्यप्रकाशापासून अन्न करता येत नाही. कॅडमियमचा अणू पाण्यात विरघळला की त्याच्यावर मँगनीजइतकाच विद्युतभार असतो, आणि आकारही साधारण तेवढाच. दाराला फरक कळत नाही. लग्नाच्या मांडवात एखादा अनोळखी माणूस झकास कपडे करून शिरतो, मुलाकडचे समजतात मुलीकडचा आहे, मुलीकडचे समजतात मुलाकडचा, आणि तो आरामात पंगतीला बसतो. अगदी तस्साच कॅडमियम भाताच्या आत शिरतो.

आणि आता खरी गंमत ऐका. तांदूळ आपण खाल्ला की त्यातलं कॅडमियम आतड्यात येतं. आपल्या आतड्यात लोह आत घेण्यासाठी एक दार असतं. ते दार आणि भाताच्या मुळातलं मँगनीजचं दार एकाच कुळातली प्रथिनं आहेत! कुठे चिखलातलं मूळ आणि कुठे आपलं पोट, पण दारं एका घराण्यातली. साहजिकच कॅडमियम इथेही तीच युक्ती करतं.

याच्यावरून हागिनो यांच्या दवाखान्यातलं एक कोडं सुटायला मदत होते. रोग बायकांनाच जास्त का? शरीरात लोह कमी असलं की आतडं लोहाची दारं वाढवतं; अधिक दारं म्हणजे कॅडमियमलाही अधिक वाट. एकामागून एक बाळंतपणं, अंगावरचं दूध, शेतातली मेहनत आणि बेताचं जेवण, यांमुळे त्या बायकांच्या शरीरातलं लोह आणि कॅल्शियम आधीच आटलेलं होतं. घरातला तोच तांदूळ सगळ्यांनी खाल्ला, पण त्यांच्या शरीरात कॅडमियम जास्त मुरलं. वाचताना वाईट वाटतं ना? मलाही लिहिताना वाटलं.

आत शिरलेलं कॅडमियम मूत्रपिंडात, म्हणजे किडनीत, जाऊन बसतं. ते सहजी बाहेर पडत नाही. आज किडनीत साठलेल्या कॅडमियमपैकी निम्मं बाहेर पडायला १० ते ३० वर्षं लागतात. तुम्ही शाळेतून कॉलेजात जाल, नोकरीला लागाल, तरी ते तिथेच. किडनीचं काम काय? रक्त गाळायचं आणि गाळलेल्यातलं कामाचं तेवढं परत ओढून घ्यायचं. कॅडमियमने तिच्या बारीक नळ्या बिघडल्या की हाडांना लागणारं कॅल्शियम आणि फॉस्फेट लघवीवाटे वाहून जातं. शिवाय ड जीवनसत्त्वाला कामाला लावायचं शेवटचं पाऊलही किडनीतच पडतं, तेही अडखळतं. म्हणून हाडं मऊ होतात. बिघाड किडनीत, दुखणं हाडात!

आता जरा हिशेब करूया, कारण "थोडंसं" म्हणजे किती हे कळल्याशिवाय मजा नाही. तांदळाचा एक दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा असतो. त्याचे वीस तुकडे केले तर एक तुकडा १ मिलिग्रॅमचा. एक किलो तांदळात एवढ्या तुकड्याइतकं कॅडमियम असेल तर? जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेली मर्यादा अशी आहे: वजनाच्या दर किलोमागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाने महिन्याभरात दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम पोटात घेऊ नये. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ धरला तर महिन्याला १२ किलो होतो. किलोमागे १ मिलिग्रॅम असेल तर १२ मिलिग्रॅम पोटात गेलं. मर्यादेच्या आठपट! म्हणूनच पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला ०.४ मिलिग्रॅम आहे आणि पालेभाज्यांसाठी ०.२. एकदोनदा खाल्ल्याने काही होत नाही. रोज, वर्षानुवर्षं तेच खाल्लं तर होतं.

पालेभाज्यांची मर्यादा वेगळी सांगण्याचं कारण आहे. मुळातून वर चढलेलं कॅडमियम पानांत जास्त साठतं. फळांत आणि शेंगांत त्या मानाने कमी पोचतं. म्हणून एकाच शेतात पालक आणि टोमॅटो लावले तर पालकात जास्त सापडतं. (तंबाखूच्या पानातही ते भरपूर साठतं, आणि धुरातून थेट फुप्फुसात जातं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरात कॅडमियम जास्त सापडतं ते यामुळेच.)

सगळे धातू असेच वागतात असं मात्र नाही. शिसं मातीला घट्ट चिकटून बसतं, मुळातून वर चढायला कुरकुरतं. ते आपल्यापर्यंत येतं ते बहुतांशी पानांवरच्या धुळीतून आणि मुळ्या-गाजरांना चिकटलेल्या मातीतून. शिशाने लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला धोका पोचतो, म्हणून भाजी वाहत्या पाण्यात चांगली धुवायची आणि कंदमुळं सोलून घ्यायची. क्रोमियमचंही बरंचसं मुळातच अडकून राहतं. कानपूरजवळ जाजमऊला चामडं कमावण्याचे कारखाने आहेत, तिथल्या सांडपाण्यावर आसपासच्या गावांत शेती होत आली आहे आणि तिथल्या मातीत क्रोमियम साचलेलं आढळलं आहे. आणि कॅडमियम? ते पानाच्या आत असतं, त्यामुळे भाजी कितीही धुतली तरी ते निघत नाही.

हे ऐकून सांडपाण्यावर शेती करणाऱ्यांना नावं ठेवायची का? मुळीच नाही. जिथे दुसरं पाणी नाही तिथे शेतकरी काय करणार? जगात कितीतरी ठिकाणी असं चालतं. मेक्सिको सिटीचं सांडपाणी मेस्कितालच्या खोऱ्यातल्या शेतांना शंभराहून अधिक वर्षं मिळतंय. कोलकात्याच्या पूर्वेला शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढवतात आणि जवळच धापा भागात भाज्या पिकवतात. मुंबईत लोकल गाडीच्या खिडकीतून रुळांकडेचे पालकाचे आणि मुळ्याचे वाफे अनेकांनी पाहिले आहेत, आणि त्यांना नाल्याचं पाणी दिल्याच्या बातम्याही पुष्कळदा छापून आल्या आहेत.

नुसत्या घराघरांतल्या सांडपाण्यात धातू फारसे नसतात. त्यात असतात जंतू आणि झाडांचं खाद्य. जंतूंना आवरता येतं, आणि खाद्याचं तर सोनं होतं! घात होतो तो त्याच गटारात मुलामा देण्याच्या, रंगांच्या, बॅटऱ्यांच्या कारखान्यांचं पाणी सोडलं की. एकदा दोन्ही एकत्र झालं की वेगळं करणं महाकठीण. म्हणून माझं तर ठाम मत आहे की धातूचं पाणी कारखान्याच्या कुंपणाच्या आतच साफ झालं पाहिजे, आणि ते जमतंही. पाण्यात चुना मिसळला की बरेच धातू विरघळलेले राहत नाहीत, गाळ होऊन तळाशी बसतात. मग तो गाळ शेतात न जाऊ देता सुरक्षित जागी ठेवायचा. घरातल्या जुन्या बॅटऱ्याही अशाच, कचऱ्यात किंवा गटारात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायच्या.

पण जी माती आधीच बिघडलीय तिचं काय? इथे शास्त्रज्ञांनी कमाल केली आहे. भात निसवण्याच्या आधी आणि नंतर काही आठवडे खाचरात पाणी भरून ठेवायचं, म्हणजे चिखलातलं ते गंधकाचं कुलूप उघडतच नाही आणि दाण्यात कॅडमियम कमी उतरतं. जपानमध्ये शेतकरी हे करतात. फक्त एक पंचाईत आहे. जमिनीत आर्सेनिक असेल तर पाणी भरल्यावर ते उलट जास्त मोकळं होतं! एकाला कोंडावं तर दुसरा सुटतो. त्यामुळे कुठल्या शेतात काय आहे हे आधी तपासावंच लागतं.

दुसरी युक्ती थेट त्या दाराशीच केलेली. कोशिहिकारी हा जपानी लोकांचा अतिशय लाडका तांदूळ. शास्त्रज्ञांनी त्याच्या बियांवर कार्बनच्या आयनांचा झोत मारला. त्याने बियांमध्ये नाना बदल झाले, आणि उगवलेल्या असंख्य रोपांतून त्यांनी अशी रोपं शोधून काढली ज्यांचं मँगनीजचं दार चालेनासं झालं होतं. त्या रोपांच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ नाहीच! २०१२ साली हा शोध प्रसिद्ध झाला. मँगनीजही त्यांना कमी मिळतं, त्यामुळे ज्या जमिनीत मँगनीज कमी तिथे जपावं लागतं, पण भात पिकतो आणि चवीलाही तसाच लागतो.

आणि काही झाडं तर याच्या अगदी उलटी. ती धातू हावरटासारखे पितात आणि त्यांचं काही बिघडत नाही! प्रशांत महासागरात न्यू कॅलिडोनिया नावाचं बेट आहे. तिथल्या पिक्नँड्रा ॲक्युमिनाटा या झाडाला खाच पाडली की निळसर हिरवा चीक गळतो. तो रंग निकेलचा. वाळलेल्या चिकात २५ टक्क्यांपर्यंत निकेल असतं, म्हणजे चार भागांत एक भाग धातू! २००१ साली शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की टेरिस व्हिटाटा नावाचं नेचं मातीतलं आर्सेनिक ओढून पानांत साठवतं. हे नेचं आपल्याकडेही जुन्या चुन्याच्या भिंतींच्या फटींत उगवतं, कदाचित तुमच्या गावच्या वाड्याच्या भिंतीवरही असेल. अशी झाडं लावून माती साफ करण्याचे प्रयोग चालू आहेत. काम सावकाश होतं, आणि धातूने भरलेली पानं पुन्हा जपून ठेवावी लागतात, पण मला ही कल्पनाच फार सुंदर वाटते.

जिंझूच्या लोकांना मात्र इतकी वाट बघणं शक्य नव्हतं. १९६८ साली त्यांनी खाणीच्या कंपनीवर दावा लावला. १९७१ साली ते जिंकले, कंपनीने अपील केलं, आणि १९७२ साली ते पुन्हा जिंकले. शेतांचं काम १९७९ मध्ये सुरू झालं. बिघडलेली वरची माती काढून खाली गाडायची, तिच्यावर घट्ट थर दाबायचा, आणि त्यावर दुसरीकडची स्वच्छ माती पसरायची. हे ८६३ हेक्टर जमिनीवर केलं आणि ते संपायला २०१२ साल उजाडलं. ज्यांनी काम सुरू झालेलं लहानपणी पाहिलं, ती मुलं तोवर चाळिशीची झाली होती.

आणि तो पोखरलेला डोंगर? कामिओकाची खाण २००१ साली बंद झाली. पण त्याच डोंगराच्या पोटात, एक हजार मीटर खाली, आज ५० हजार टन पाण्याची एक अजस्र टाकी आहे. तिचं नाव सुपर-कामिओकांदे. ताऱ्यांतून आणि आकाशातून येणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण तिथे पकडतात, आणि या कामातून ताकाआकी काजिता यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळालं. ज्या डोंगरातून एकेकाळी विषारी रेंदा नदीत गेला, त्याच डोंगरात पुढे जगातल्या अतिशुद्ध पाण्यापैकी काही साठवलं गेलं! तुम्ही मोठेपणी शास्त्रज्ञ झालात तर ते जरूर बघायला जा.

खाण बंद झाली तरी डोंगरावर पाऊस पडायचा थांबत नाही. पावसाचं पाणी जुन्या बोगद्यांतून झिरपतं आणि धातू घेऊनच बाहेर येतं, म्हणून ते आजही साफ करूनच नदीत सोडतात. आणि ते खरंच साफ होतं का, हे कोण बघतं माहितीये? १९७२ साली खटला जिंकताना गावकऱ्यांनी कंपनीकडून एक करार लिहून घेतला होता, की आम्ही हवं तेव्हा तज्ज्ञांना घेऊन आत येऊ आणि तपासू. तेव्हापासून दरवर्षी शेतकरी, वकील आणि शास्त्रज्ञ मिळून कामिओकाला जातात, टाक्या बघतात, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरतात. जिंझूच्या पाण्यातलं कॅडमियम आता जवळजवळ निसर्गात असतं तेवढ्यावर आलं आहे, तरीही त्यांनी जाणं सोडलेलं नाही.